कार्ब्युरेटरयुक्त मोटारीतील आयडलिंग-दोषांचे निदान : देखभालीच्या ज्ञानाचा एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : प्रीमियर पद्मिनी)

प्रस्तावना

भारतातील मोटार-उद्योगाचा इतिहास प्रामुख्याने कारखाने, परवाने, करार आणि उत्पादनाचे आकडे यांच्या आधारे लिहिला गेला आहे. मोटार कोणी बनविली, कोणत्या साली बनविली आणि किती बनविल्या, या प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळतात. परंतु कारखान्यातून बाहेर पडलेली मोटार पुढे पंचवीस-तीस वर्षे रस्त्यावर कोणी चालती ठेवली, या प्रश्नाकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले. डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या अंगाने न लिहिता वापराच्या आणि देखभालीच्या अंगाने लिहावा, अशी भूमिका मांडली. डेव्हिड अर्नोल्ड यांनी 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' या २०१३ मधील ग्रंथात शिवणयंत्र, सायकल, टंकलेखनयंत्र आणि भातगिरणी या साध्या यंत्रांतून भारतीय आधुनिकतेचा मागोवा घेतला. भंडारा जिल्ह्यासारख्या धानाच्या प्रदेशातील वाचकास भातगिरणीचा हा उल्लेख परका वाटणार नाही.

प्रस्तुत निबंधाचा विषय याच परंपरेतील, परंतु अधिक मर्यादित आहे. जुन्या, कार्ब्युरेटर असलेल्या मोटारीचे इंजीन उभ्या जागी नीट चालत नसेल, तर त्याचे कारण कसे शोधले जात असे आणि ती शोधपद्धती कोणत्या ऐतिहासिक परिस्थितीत घडली, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे. विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. तथापि या छोट्या दोषाच्या निदानात कारणमीमांसेची एक शिस्त दडलेली आहे आणि ती शिस्त बाळगणारी पिढी आता कामातून निवृत्त होत आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. आयडलिंग-दोषांच्या निदानाची पारंपरिक पद्धती क्रमवार स्पष्ट करणे.
२. ही पद्धती घडविणारी आर्थिक व कायदेशीर परिस्थिती तपासणे.
३. कार्ब्युरेटर कालबाह्य झाल्यानंतर या ज्ञानाचे काय झाले, याचा विचार करणे.

अभ्यासपद्धती

गॅरेजमधील ज्ञान प्रामुख्याने मौखिक असते. ते उस्तादाकडून हाताखालच्या पोराकडे पाहून आणि ऐकून जाते. त्यामुळे येथे ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीबरोबरच प्रस्तुत लेखकाच्या प्रत्यक्ष अनुभवाचा आणि खुद्द यंत्राचा साधन म्हणून उपयोग केला आहे. जुना कार्ब्युरेटर हाही एक दस्तऐवज असतो. पितळी जेटवर कोरलेला क्रमांक, तार घालून मोठे केलेले छिद्र, झिजलेला स्क्रू आणि दोनदा बदललेले पॅकिंग यांवरून त्या गाडीवर कोणत्या काळात कोणते उपचार झाले, ते वाचता येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पेट्रोल आणि हवा यांचे ज्वलनयोग्य मिश्रण करणारे साधन म्हणजे कार्ब्युरेटर होय. जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि हंगेरीत डोनाट बांकी व यानोश चोंका यांनी फवारा पद्धतीचा कार्ब्युरेटर १८९३ च्या सुमारास सिद्ध केला. अरुंद केलेल्या नळीतून हवा वेगाने जाऊ लागली की तेथील दाब घटतो, हे इटालियन शास्त्रज्ञ व्हेंतुरी यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व त्याच्या मुळाशी आहे. पुढे फ्रान्सच्या सोलेक्ससारख्या कंपन्यांनी त्यात सुधारणा केल्या आणि विसाव्या शतकातील बहुतेक काळ जगातील पेट्रोल मोटारी याच साधनावर चालल्या.

महाराष्ट्रात मोटार जोडणीचा मोठा कारखाना प्रथम मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ मध्ये सुरू केला. भारतीय मालकीच्या मोटार-उद्योगाचे स्वप्न मात्र सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी पाहिले. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि मुंबईतील कुर्ला येथे कारखाना उभा राहिला. आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने गाड्या जोडल्या जात. पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्यांचे पर्व सुरू झाले. देशांतर्गत उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या परदेशी कंपन्यांना येथे वाव राहणार नाही, असे धोरण स्पष्ट झाल्यानंतर जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी १९५४ च्या सुमारास भारतातील काम थांबविले. १९६४ मध्ये फियाट ११०० 'डिलाइट' आली. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात तिचे नाव प्रथम प्रीमियर प्रेसिडेंट आणि नंतर प्रीमियर पद्मिनी असे झाले. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजीन आणि एकच कार्ब्युरेटर, अशी तिची साधी रचना होती. किरकोळ फरक सोडता हीच गाडी दोन हजार सालाच्या सुमारापर्यंत बनत राहिली.

सत्तरच्या दशकात संपूर्ण देशात वर्षाला पन्नास हजारांच्या आतच प्रवासी मोटारी तयार होत. नवी गाडी मिळविण्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा टंचाईत गाडी टाकून देण्याचा विचार कोणाच्या मनात येत नसे. एक गाडी दोन-तीन मालकांकडे फिरत मुंबईहून नागपूर, नागपूरहून भंडारा आणि तेथून तुमसर-सिहोऱ्यापर्यंत पोहोचे. प्रत्येक टप्प्यावर तिचे वय वाढलेले आणि नव्या मालकाचे उत्पन्न आधीच्या मालकापेक्षा बेताचे असे. त्यामुळे सर्वांत जीर्ण गाड्या आणि सर्वांत कमी सुटे भाग यांची गाठ ग्रामीण भागातील मिस्त्रीशी पडत असे. निदानाची पद्धती समजून घेताना ही वस्तुस्थिती ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

आयडलिंगचे स्वरूप

पेडलवर पाय न ठेवता, गाडी उभी असताना इंजीन मंद गतीने चालत राहणे म्हणजे आयडलिंग. गॅरेजच्या भाषेत यास 'स्लो' असेही म्हणतात. या अवस्थेत इंजीन मिनिटाला साधारणतः सातशे ते नऊशे फेरे घेते आणि स्वतःचे घर्षण भागविण्यापुरतीच शक्ती निर्माण करते. शिल्लक अशी काहीच नसते.

यावेळी कार्ब्युरेटरमधील थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद असते. मुख्य नळीतून जाणाऱ्या हवेचा वेग इतका कमी असतो की मुख्य जेटमधून पेट्रोल ओढले जात नाही. म्हणून आयडलिंगसाठी एक स्वतंत्र अरुंद वाट ठेवलेली असते. स्लो जेटमधून आलेले पेट्रोल थोड्या हवेत मिसळून चकतीच्या खालच्या बाजूस असलेल्या बारीक छिद्रातून इंजिनात जाते. तेथे इंजिनाचे शोषण तीव्र असल्याने ते ओढले जाते. या वाटेवर मिश्रणाचे प्रमाण ठरविणारा एक स्क्रू असतो, आणि चकती किती उघडी राहावी हे ठरविणारा दुसरा.

येथेच या विषयाचे मर्म आहे. इंजीन वेगात असताना त्यात पुष्कळ हवा जात असते. एखाद्या सैल सांध्यातून थोडी जादा हवा शिरली तर एकूण प्रमाणात तिचा हिस्सा नगण्य ठरतो. आयडलिंगमध्ये मुळात हवाच कमी असल्याने तेवढीच गळती मिश्रण बिघडविण्यास पुरेशी होते. एका सिलिंडरचा प्लग कमजोर असेल तर वेगात इतर तीन सिलिंडर त्याची उणीव झाकतात. आयडलिंगमध्ये तो झटका लपत नाही. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, पॉइंटचे अंतर चुकले असेल, टॅपेट घट्ट झाले असेल, तर त्या सर्वांची तक्रार पहिल्यांदा येथेच ऐकू येते. म्हणजे आयडलिंगचा दोष हा बहुधा आयडलिंगपुरता नसतो. संपूर्ण इंजिनातील दुखणी ज्या ठिकाणी उघडी पडतात, ते हे ठिकाण होय.

एक प्रत्यक्ष उदाहरण

दोन हजार सालानंतरच्या काही वर्षांत सिहोरा येथे प्रस्तुत लेखकाच्या घरी एक जुनी पद्मिनी होती. तुमसर तालुक्यातील सिहोरा हे चांदपूरच्या जलाशयाजवळचे गाव. परिसरात धानाची शेती, तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी आणि तुमसरची तांदळाची बाजारपेठ, यांमुळे यंत्र आणि मिस्त्री या भागास अपरिचित नव्हते. आमची गाडी सकाळी व्यवस्थित चाले. मात्र इंजीन तापल्यावर बाजारात किंवा रेल्वे फाटकापाशी थांबली की धडधडत बंद पडे. शहरातील एका गॅरेजमध्ये प्रथम स्क्रू फिरवून पाहिले गेले, नंतर प्लग बदलले गेले आणि अखेर कार्ब्युरेटरच बदलण्यात आला. खर्च झाला, दोष तसाच राहिला. आयडलिंगची गती वाढवून ठेवल्यामुळे गाडी बंद पडणे तेवढे कमी झाले, पण पेट्रोल अधिक जळू लागले.

त्यानंतर तुमसरकडील एका वयस्क मिस्त्रींना बोलाविण्यात आले. त्यांनी इंजीन तापेपर्यंत गाडी नुसती चालू ठेवली आणि ते शेजारी उभे राहून ऐकत राहिले. मागे जाऊन धुराच्या नळीपाशी कागदाचा तुकडा धरून पाहिला. मग एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात अर्धवट ठेवला. इंजीन बंद पडण्याऐवजी सावरले. त्यांनी तेलाच्या कुपीतून कार्ब्युरेटरच्या तळाच्या सांध्याभोवती थेंब-थेंब तेल सोडले. एका विशिष्ट जागी तेल पडताच इंजिनाचा आवाज क्षणभर एकसारखा झाला. दोष सापडला होता. बुडाचा पृष्ठभाग उष्णतेने किंचित वाकलेला असल्याने इंजीन तापले की पॅकिंगपाशी फट पडत असे आणि तेथून हवा आत जाई. कार्ब्युरेटर बदलूनही दोष गेला नव्हता, कारण वाकलेला भाग कार्ब्युरेटरच्या खालच्या मॅनिफोल्डचा होता. पृष्ठभाग घासून सपाट करून नवे पॅकिंग बसविल्यावर त्यांनी सर्वांत शेवटी स्क्रूला हात लावला. काकांनी विचारले तेव्हा त्यांचे झाडीबोलीतील उत्तर एवढेच होते : "भाऊ, स्क्रूले हात आखरीले लावाचा."

निदानाचा क्रम आणि त्यामागील तर्क

या एका वाक्यात संपूर्ण पद्धती सामावलेली आहे. तिचा विस्तार पुढीलप्रमाणे करता येईल.

पहिली पायरी चौकशीची. दोष थंड इंजिनात येतो की तापल्यावर, हळूहळू वाढला की एकाएकी आला, त्यापूर्वी कोणते काम झाले होते, पेट्रोल कोठे भरले होते, हे प्रश्न प्रथम विचारले जात. फक्त थंड असताना येणारा दोष चोककडे बोट दाखवितो. तापल्यावर येणारा दोष व्हॉल्व्हमधील कमी झालेले अंतर, कॉइल, हवेची गळती किंवा उष्णतेने उकळणारे पेट्रोल यांकडे नेतो. पेट्रोल भरल्यानंतर लगेच आलेला दोष टाकीतील पाणी, गंज किंवा रॉकेलची भेसळ यांची शंका निर्माण करतो.

दुसरी पायरी ऐकण्याची. ठरावीक अंतराने येणारा झटका एखाद्या विशिष्ट सिलिंडरचा असतो. तेव्हा प्लग, त्याची वायर किंवा व्हॉल्व्ह तपासावा. अनियमित झटके मिश्रण, पॉइंट किंवा पेट्रोलमधील पाणी यांतून येतात. गती आपोआप चढत-उतरत असेल तर मिश्रण पातळ झाल्याची, म्हणजे हवा अधिक किंवा पेट्रोल कमी असल्याची शक्यता मोठी असते. धुराच्या नळीपाशी धरलेला कागद सतत बाहेर फेकला जाण्याऐवजी मधूनच आत ओढला जात असेल, तर बहुधा एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला असतो. दोषी सिलिंडर ओळखण्यासाठी प्लगची एकेक वायर क्रमाने काढली जाई. जी वायर काढल्याने इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासून काम करीत नसतो.

तिसरी पायरी ठिणगीची. प्लग काढून त्यांचा रंग पाहिला जाई. फिकट तपकिरी रंग आरोग्याचा, काजळीचा काळा रंग घट्ट मिश्रणाचा, पांढुरका रंग पातळ मिश्रणाचा आणि तेलकट ओलेपणा आतल्या झिजेचा निदर्शक मानला जात असे. त्यानंतर कॉन्टॅक्ट पॉइंटचे अंतर, कंडेन्सर, वितरकाचे झाकण आणि ठिणगीची वेळ पाहिली जाई. पावसाळ्यात वितरकाच्या झाकणातील ओलावा हाच अनेकदा मूळ दोष ठरे.

चौथी पायरी यांत्रिक स्थितीची, म्हणजे टॅपेट आणि कॉम्प्रेशन यांची. पाचवी हवेच्या गळतीची : कार्ब्युरेटरचा तळ, मॅनिफोल्डचा सांधा, व्हॅक्यूमची रबरी नळी आणि झिजलेला थ्रॉटलचा दांडा. तळहाताची परीक्षा येथे निर्णायक ठरते. कार्ब्युरेटरचे तोंड अंशतः झाकल्यावर इंजीन सुधारले तर मिश्रण पातळ आहे. अधिकच गुदमरले तर पातळपणाचा संशय सोडून द्यावा. गळती शोधण्यासाठी काही जण पेट्रोल शिंपडत. ते धोक्याचे असते. तेलाचा थेंब तेच काम सुरक्षितपणे करतो.

सहाव्या पायरीवर पेट्रोलचा पुरवठा, फ्लोटची पातळी आणि पिन व्हॉल्व्ह यांची पाहणी होई. सातव्या पायरीवर कार्ब्युरेटर उघडून जेट साफ केला जाई, तोही हवा मारून. तार घातल्यास पितळेचे छिद्र मोठे होते आणि तो जेट कायमचा बिघडतो. आठव्या पायरीवर स्क्रू येई. त्यातही स्क्रू किती फेरे उघडा होता हे आधी मोजून ठेवले जाई. मिश्रणाचा स्क्रू पूर्ण आत नेऊनही इंजिनावर परिणाम होत नसेल, तर त्याचा अर्थ स्लोची वाट तुंबलेली आहे किंवा चकती इतकी उघडी ठेवली आहे की इंजीन पुढच्या छिद्रांतून पेट्रोल घेत आहे. अशा वेळी स्क्रूचे निरुत्तर राहणे हाच पुरावा असतो.

या क्रमामागील तर्क दुहेरी आहे. त्याचा एक भाग आर्थिक होय : ज्या तपासणीस पैसा लागत नाही ती आधी, ज्यात सुटा भाग बदलावा लागतो ती नंतर. कान, तळहात, कागद आणि तेलाची कुपी यांस खर्च नाही. दुसरा भाग ज्ञानविषयक आहे. आधीच स्क्रू फिरविला तर हवेची गळती घट्ट मिश्रणाने झाकली जाते, मेलेला सिलिंडर वाढविलेल्या गतीने झाकला जातो आणि मूळ लक्षण नाहीसे होते. दोष राहतो, पुरावा जातो. इतिहासाच्या अभ्यासकास ही शिस्त ओळखीची वाटावी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करताना अस्सल कागदांवर जो भर दिला, त्यामागे हाच आग्रह होता की अर्थ लावण्यापूर्वी साधन मूळ स्वरूपात हाती असावे. कोणतीही संहिता दुरुस्त करण्यापूर्वी ती जशी आहे तशी नोंदवावी लागते. मिस्त्रीने स्क्रूचे फेरे मोजून ठेवणे याच जातीचे आहे.

प्रादेशिक परिस्थितीचा प्रभाव

यंत्र इटलीत कल्पिलेले असले तरी त्याची दुखणी स्थानिक होती. विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. बंद बॉनेटखाली कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उकळू लागते, त्याची वाफ नळीत अडकते आणि उभी गाडी बंद पडते. त्यावर पेट्रोल पंपाभोवती आणि नळीभोवती ओले फडके गुंडाळण्याचा उपाय सर्रास होत असे. तो अडाणीपणाचा नव्हता. पाण्याच्या बाष्पीभवनाने धातू थंड होतो, या भौतिक तत्त्वाचा तो सरळ उपयोग होता. पावसाळ्यात ओलावा, कच्च्या रस्त्यांवर फिल्टरमध्ये साचणारी धूळ आणि रॉकेलच्या भेसळीने प्लगवर बसणारी काजळी, यांमुळे निदानाला ऋतूंचेही परिमाण मिळाले. अनुभवी मिस्त्री चैत्रात आणि श्रावणात एकाच तक्रारीचे निरनिराळे अर्थ लावीत असे.

कानाकडून यंत्राकडे : कायदा आणि तंत्रज्ञान

१९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. तिच्या तीन सिलिंडरांच्या ७९६ घनसेंटिमीटर इंजिनावरही कार्ब्युरेटरच होता, परंतु त्याच्याभोवती रबरी व्हॅक्यूम नळ्यांचे जाळे होते. आयडलिंगच्या दोषात आता कडक झालेली किंवा चुकीच्या जागी लावलेली नळी हे नवे कारण दाखल झाले. पद्मिनीवर तयार झालेल्या मिस्त्रींना नळ्यांचा हा नकाशा नव्याने शिकावा लागला. हवेची गळती शोधण्याची मूळ पद्धती मात्र उपयोगी पडली.

याहून मोठा बदल कायद्याने घडविला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ अन्वये चारचाकी पेट्रोल वाहनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण आयडलिंगच्या अवस्थेत ३ टक्क्यांहून अधिक नसावे, असे बंधन आले. आयडलिंग ही तोवर मालक आणि मिस्त्री यांच्यातील बाब होती. या नियमाने ती राज्यसंस्थेच्या मोजमापाचा विषय बनली. पीयूसी प्रमाणपत्रासाठी धुराच्या नळीत नळी घालून आकडा वाचला जाऊ लागला. याचा एक अनपेक्षित परिणाम असा की आकडा उतरविण्यासाठी मिश्रणाचा स्क्रू आत फिरविणे हा सोपा मार्ग ठरला. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड कमी दिसे, पण जीर्ण इंजीन पातळ मिश्रणावर अडखळू लागे. जो स्क्रू शेवटी हाताळावयाचा, तोच सर्वप्रथम हाताळला जाऊ लागला.

१ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल लागू झाले. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हे पाऊल अत्यंत आवश्यक होते. जुन्या इंजिनांत मात्र शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीचे संरक्षण करीत असे. मऊ बैठक असलेल्या इंजिनात ते नाहीसे झाल्यावर झीज वाढून टॅपेटचे अंतर आपोआप कमी होण्याची शक्यता निर्माण झाली, आणि त्याचे पहिले लक्षण पुन्हा आयडलिंगमध्येच दिसणार होते. त्याच वर्षी १ एप्रिलपासून 'इंडिया २०००' ही उत्सर्जन मानके आली. नव्या मोटारींत कार्ब्युरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणीने घेतली. आयडलिंगची गती आता संगणक ठरवू लागला, आणि गॅरेजमध्ये स्क्रू-ड्रायव्हरच्या शेजारी स्कॅनर आला. दुचाकींवर कार्ब्युरेटर टिकून राहिला. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर तेथूनही तो जवळजवळ निघून गेला.

पद्मिनीचा सार्वजनिक शेवट मुंबईत झाला. ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदविलेली पद्मिनी ही काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील शेवटची ठरली. वीस वर्षांची कमाल मर्यादा संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर ही टॅक्सी राहिली नाही. वृत्तपत्रांनी गाडीला भावपूर्ण निरोप दिला. तिला चालती ठेवणाऱ्या हातांचा उल्लेख त्या निरोपात फारसा नव्हता.

ज्ञानाची आजची उपयुक्तता

हे ज्ञान आता निरुपयोगी झाले, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्याची दोन कारणे आहेत. पहिले इंधनाशी निगडित आहे. २०२२ मध्ये देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल विक्रीस येऊ लागले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याच जेटमधून येणारे मिश्रण तुलनेने पातळ होते. संगणक असलेली गाडी त्याची भरपाई बऱ्याच अंशी करते. कार्ब्युरेटर करू शकत नाही. शिवाय इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबरी भागांना बाधते. त्यामुळे जी काही जुनी वाहने हौसेने किंवा गरजेपोटी जपली आहेत, त्यांच्या आयडलिंग-दोषाला एक नवे कारण मिळाले आहे. ते ओळखण्यासाठी हाच क्रम पुन्हा लागतो.

दुसरे कारण अधिक व्यापक आहे. आधुनिक गाडीत सांध्यातून हवा शिरली तर स्कॅनर 'मिश्रण पातळ' असा संकेत देतो. तो लक्षणाचे नाव सांगतो. सांधा कोणता, हे सांगत नाही. संकेत वाचून सेन्सर बदलणे ही स्क्रू आधी फिरविण्याचीच आजची आवृत्ती म्हणता येईल. १९५० पासून सुरू झालेल्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेतून आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातून देशात कुशल कामगार घडविण्याची व्यवस्था उभी राहिली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमात कार्ब्युरेटरची रचना शिकविली गेली. परंतु तपासणीचा क्रम हा वेगळा विषय म्हणून गॅरेजमध्येच शिकला गेला. साधन बदलल्यावर रचना अभ्यासक्रमातून वगळली जाणे स्वाभाविक आहे. तिच्याबरोबर विचाराचा क्रमही वगळला जाऊ नये.

निष्कर्ष

१. आयडलिंग ही इंजिनाची सर्वांत संवेदनशील अवस्था असून तीतील दोष बहुधा अन्यत्र असलेल्या दोषाचे लक्षण असते. कार्ब्युरेटरवर आरोप सर्वप्रथम होतो. दोष बरेचदा सांधा, ठिणगी किंवा व्हॉल्व्ह यांत आढळतो.

२. निदानाचा क्रम टंचाईच्या अर्थव्यवस्थेत घडला. सुटे भाग दुर्मीळ आणि गाडी दीर्घायुषी असल्यामुळे खर्च करण्यापूर्वी विचार करणे भाग होते.

३. पीयूसीच्या नियमाने आयडलिंगला कायदेशीर मापन दिले. त्यातून स्वच्छ हवेच्या दिशेने पाऊल पडले. त्याचबरोबर आकड्यापुरती दुरुस्ती करण्याची सवयही वाढली.

४. इंधन-फवारणीच्या तंत्राने कार्ब्युरेटर कालबाह्य केला. लक्षण आणि कारण यांत भेद करण्याची गरज मात्र कायम राहिली आहे.

समारोप

ग्रामीण महाराष्ट्राच्या तंत्रज्ञानविषयक इतिहासाची साधने दप्तरखान्यांपेक्षा गॅरेज, भातगिरणी आणि खाणीच्या कार्यशाळेत अधिक प्रमाणात विखुरलेली आहेत. ती साधने माणसांच्या स्मरणात असल्याने त्यांना वयाची मर्यादा आहे. आपल्या महाविद्यालयांतील इतिहास आणि भौतिकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन आपापल्या तालुक्यातील वयोवृद्ध मिस्त्रींच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, त्यांची परिभाषा नोंदवून ठेवली आणि एखादा उघडलेला कार्ब्युरेटर प्रयोगशाळेत ठेवला, तर खर्च नगण्य येईल. आमच्या घरची पद्मिनी काही वर्षांनी भंगारात गेली. ज्या मिस्त्रींनी तिचा दोष शोधला, त्यांना ती पद्धती कोठे शिकलात, हे विचारण्याचे त्यावेळी कोणास सुचले नाही. आता ते हयात नाहीत. ज्यांना अजून विचारता येण्यासारखे आहे, त्यांना विचारून ठेवणे हे आपल्या पिढीच्या अध्यापकांचे काम आहे.